धामापूरच्या तळ्याला पुरा वळसा नाही

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

नकाशा मिळाला. मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तलावाभोवती पाण्याला चिकटून निळा गोल काढलायस आणि खाली विचारलंयस, ‘सायकलने ही फेरी किती तासांची?’ तासांचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे रस्ता नाही. दोन डोंगरांमधली जागा बांध घालून अडवली की पाणी मागच्या घळींत शिरतं, आणि घळींच्या कडेकडेने कोणी डांबर टाकत नाही. झाडी थेट पाण्याला टेकते. रस्ता भेटतो तो बांधाच्या आणि भगवती देवीच्या देवळाच्या बाजूला, तेवढाच. १५३० मध्ये नागेश देसायांनी हा तलाव बांधवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे खालची भातशेती होती, सायकलवाले नव्हते. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला, तोही त्या शेतीच्या पाण्यासाठीच.

तेव्हा गोलाचा हट्ट सोड. तळ्याशी मुक्काम कर आणि रोज एका दिशेला जाऊन परत ये. शंकराला प्रदक्षिणा घालताना आपण सोमसूत्रापर्यंत, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हळीपर्यंत जातो, ते न ओलांडता मागे फिरतो, आणि तरी प्रदक्षिणा पुरी होते. किनाऱ्याजवळच्या रस्त्यांचं तसंच आहे. चांगला रस्ता बहुतेक वेळा कुठल्यातरी पाण्यापाशी संपतो. तिथून आल्या वाटेने परतण्यात कमीपणा मानू नकोस. जाताना चढ होता तो येताना उतार असतो, एवढ्यानेही रस्ता ओळखू येत नाही.

मुक्काम एकाच जागी ठेवण्याचं खरं कारण ओझं. तू लिहिलंयस की रोज ७० किलोमीटर सहज होतात. होत असतील, पण ते देशावरचे किलोमीटर. इथे जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार असतं, सड्यावरून रस्ता खाडीत किंवा व्हाळात (ओढ्यात) उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच पलीकडच्या सड्यावर चढतो. कुठलाच चढ घाटासारखा लांब नसतो, म्हणून मनाची तयारी होत नाही. पण दिवसभरात असे इतके येतात की संध्याकाळी पायांचे गोळे बोलायला लागतात. त्यात हवा दमट, घाम वाळत नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. भरलेल्या पॅनिअर (कॅरियरला टांगायच्या पिशव्या) घेऊन हे करण्यापेक्षा सामान खोलीत टाक, सोबत पाणी, ट्यूब आणि पंप घे. दिवसाला पन्नासेक किलोमीटर धर, त्यापुढचं हौसेचं.

पहिल्या दिवशी मालवणच्या दिशेने जा. कुडाळ-मालवण रस्ता तिसेक किलोमीटरचा, धामापूर त्याच्या साधारण मध्यावर. चौके, कुंभारमाठ करत मालवणात उतरायचं. हे पहाटे कर. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होतेस ना, ते मार्कांपुरते नव्हते. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, तो तुझ्या पाठीशी. दुपारकडे जमीन तापली की समुद्रावरून सुटतो, तेव्हा तू परतत असशील आणि तो पुन्हा पाठीशीच. उलटं वेळापत्रक केलंस तर दोन्ही वेळा तोंडावर घेशील. मालवणात घावणे-चटणी खाऊन तारकर्लीवरून थेट देवबागला जा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि नारळ. या भागातला हा सर्वांत सपाट रस्ता, आणि माझ्या मते सर्वांत सुंदरही. सुट्टीच्या दिवशी मात्र गाड्यांच्या रांगेत अडकशील, म्हणून मधला वार धर. संगमापाशी रस्ता संपेल. समोरचा किनारा हाकेच्या अंतरावर दिसतो, पण रस्त्याने तिथे पोचायचं तर फिरून नेरूरपारच्या पुलावर यावं लागतं. नकाशावर बोटाने अंतर मोजणाऱ्यांना खाडी इथेच फसवते.

मालवणातून निघताना जेवल्या जेवल्या कुंभारमाठची चढण घेऊ नकोस. चारपर्यंत सावलीत बस, सोलकढी पी, मग नीघ. अंधाराआधी मात्र खोलीवर ये. रस्ता अरुंद, दिवे जवळजवळ नाहीत, आणि वाळू-चिऱ्याचे डंपर एसटीपेक्षा कमी प्रेमळ असतात.

दुसरी वाट दक्षिणेला. काळसे ओलांडून नेरूरपारच्या पुलावरून नेरूरला ये, आणि मोठा रस्ता सोडून वालावलकडे वळ. लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून असलेलं तळं बघ. धामापूरसमोर ते लहान, पण बसायला मला तेच आवडतं. पुढे चेंदवणपर्यंत खाडीच्या बाजूने माडांतून जाता येतं. पाय शिल्लक असले तर कुडाळजवळ पिंगुळीला जा, तिथे ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्यांची कला जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे घाईत जाऊ नकोस. पाय शिल्लक नसले तर पिंगुळी वेगळ्या दिवशी.

सायकलबद्दल. टायर किमान ३२ मिलिमीटरचे हवेत, ३८ असतील तर उत्तम. पुढची छोटी चक्री आणि मागची मोठी चक्री यांच्या दात्यांची संख्या सारखी आली तर कुठलाही चढ बसूनच निघेल. उभं राहून पॅडल मारण्याची मर्दुमकी इथे दुसऱ्या तासाला संपते. तुझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असणार. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा पंप मोटरसायकलच्या व्हॉल्व्हला बसतो, म्हणून छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेव. उतारावर ब्रेक धरून ठेवू नकोस, दाबत-सोडत ये. वळणापलीकडे एसटी आहे असं समजूनच प्रत्येक वळण घे. कडेला जांभ्याचा चुरा असतो, त्यावर पुढचा ब्रेक दाबलास तर सायकल हातात राहणार नाही. काजूच्या सावलीतल्या रस्त्यावर पावसानंतर बरेच दिवस शेवाळ टिकतं, ते डांबरासारखंच काळं दिसतं.

म्हणून यायचं ते डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलेलं दिसतं हे खरं, पण सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. चतुर्थीच्या आसपास तर रस्ते चाकरमान्यांचे. तेव्हा सायकल घरीच बरी. मुंबई-गोवा महामार्गावर कुठल्याच महिन्यात जाऊ नकोस.

तळ्यात सायकल धुवू नकोस, आंघोळही नको. मालवणला प्यायला पाणी इथूनच जातं. पूर्वी लग्नकार्याला देवीकडे फुलं वाहून दागिने मागितले की ते पाण्यातून वर येत आणि कार्य झाल्यावर परत करायचे, असं गावात सांगतात. कोणीतरी परत केले नाहीत आणि ते बंद झालं. देवळातल्या आजीबाईंना विचार, माझ्यापेक्षा रंगवून सांगतील.

रेल्वेने कुडाळला उतर. सायकल पार्सलने टाकणार असशील तर गाडी कुडाळला थोडाच वेळ थांबते, एवढ्यात ती उतरवतील का हे बुकिंगच्या वेळीच विचार. माझा सल्ला विचारशील तर दोन्ही चाकं आणि पॅडल काढून पिशवीत घाल आणि डब्यात स्वतःबरोबर घे. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं. जोर लावूनही निघत नसेल तर तू ते घट्ट करत आहेस.

तारीख ठरली की कळव. खोलीवाल्यांना जेवणाचं आदल्या दिवशी सांगावं लागतं. मासे चालतात की शाकाहारी, तेही लिही.

तुझा,
काका