वर्तुळाच्या गणितांना घाबरून राहिला काय भाऊ?

एसएससी सीजीएलची (पदवीधरांसाठी केंद्र सरकारी नोकरीची परीक्षा, दहावीची नाही) तयारी करून राहिला आणि वर्तुळ आलं की प्रश्नच सोडून देतो म्हणतो, तसं नको करू बाप्पा. टियर १ मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या पेपरात, ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, भूमितीची आकृती नीट पडली तर हे मार्क पटकन भेटतात.

पहिले आकृती काढ, पेपरात दिली असली तरी रफ शीटवर आपली काढ आणि त्रिज्या जोड. स्पर्शिका दिसली की स्पर्शबिंदूपर्यंत त्रिज्या, तिथं ९० अंश झालाच. जीवा दिसली की केंद्रातून लंब टाक, तो जीवेचे दोन सारखे भाग करते. म्हणजे त्रिज्या १३, जीवा २४ असली तर अर्धी जीवा १२ आणि त्रिज्या १३, केंद्रापासून जीवेचं अंतर ५, संपलं. पायथागोरसची त्रिकुटं, म्हणजे ५, १२, १३ सारख्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू, पाठच ठेव.

आता जिथं पोरं लय फसतात ते सांगतो. बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका आणि छेदिका (वर्तुळाला दोन बिंदूंत कापणारी रेषा) असली तर स्पर्शिकेचा वर्ग = बाहेरचा तुकडा × पूर्ण छेदिका. बाहेरचा ४ आणि आतली जीवा ५ असली तर ४ × ९ = ३६, स्पर्शिका ६. पोरं ४ × ५ करतात अन् पर्यायात √२० ठेवलेलाच असते, चुकलं की अर्धा मार्क कटते.

महागडा क्लास लावायची गरज नाही, दहावीच्या गणित भाग २ मधला वर्तुळाचा धडा आधी पूर्ण सोडव. बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट आहे, गावात रेंज आली की डाऊनलोड करून ठेव. अंतर्लिखित कोन आणि चक्रीय चौकोन तिथूनच पक्के कर, मग मागच्या वर्षीचे पेपर घे, आणि अडलं तर आकृतीचा फोटो पाठव मले.