गच्चीवर ताग: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

मागे लिहिलं होतं की जुन्या कुंड्यांची माती सुधारायची असेल तर एक सीझन ताग (म्हणजे बोरू, गोणपाटाचा ज्यूट नव्हे) लावा, भुंगेही येतील. त्यावर आलेले काही प्रश्न.

पावसातच पेरू का? (बोरिवली)
पेरा, पण जूनमध्ये पेरलेला माणसापेक्षा उंच जातो आणि गच्चीवरच्या वाऱ्यात आडवा होतो. दिवस लहान होऊ लागले की तागाला फुलं येतात, त्यामुळे ऑगस्टअखेर पेरलात तर रोप बुटकंच राहतं आणि फुलतंही लवकर, मुंबईत मला तेच बरं वाटतं. बी रात्रभर भिजवा, बोटाच्या एका पेराएवढं खोल टाका, ऊन भरपूर हवं आणि कुंडीत पाणी अजिबात साचायला नको.

युरिया घालू का? (डोंबिवली)
नको हो! ताग कडधान्याच्या कुळातला आहे, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात आणि युरिया मिळाला की ते काम मंदावतं. महिन्याभराने एक रोप हळूच उपटा आणि गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी दिसलं तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. गाठीच नसतील तर पुढच्या वेळी बियाण्याला चवळीचं रायझोबियम (याच गाठींतल्या जिवाणूंचं खत) चोळा, तेच चालतं.

सोसायटीवाले म्हणतात मधमाश्या चावतील. (मुलुंड)
तागावर मुख्यतः येतो तो काळा मोठा भुंगा, लाकूड पोखरणारा. फूल असं मिटलेलं असतं की खालची पाकळी दाबायला वजनदार पाहुणाच लागतो, तो बसला की आतून परागकण त्याच्या पोटाला लागतात. यांचं आग्या मोहोळासारखं पोळं नसतं, नराला तर नांगीच नाही, मादी हातात धरली तरच डंख मारते. सेक्रेटरींना एकदा वर बोलवा आणि दाखवा, कागदी अर्जापेक्षा ते बरं.

कापायचा कधी? (दादर)
इथे खरी ओढाताण आहे, कारण मातीला हवा तो कळ्या-फुलं लागताना कापलेला, कोवळा, पटकन कुजणारा, आणि भुंग्यांना हवीत फुलं. उशीर केला की खोड दोरासारखं चिवट होतं, याचेच तर दोर वळतात. मी म्हणेन बहुतेक कुंड्या कापून बारीक करून मातीत मिसळा, दोन-तीन आठवडे कुजू द्या मग मेथी-टोमॅटो लावा, आणि दोन कुंड्या भुंग्यांसाठी ठेवा.

शेंगा खाता येतात? (ठाणे)
नाही, बिया विषारी असतात, लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा.