वाचकांचे प्रश्न : फॉगर लावले, तरी गाई धापा का टाकतात?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्याकडे सहा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. गोठा पत्र्याचा, उंची आठ फूट. एप्रिल लागल्यापासून रोजचं दूध ७० लिटरवरून ५२ वर आलं. फॅट ३.८ होती, आता ३.२ लागते, त्यामुळे दरही कापला जातो. ऊन लागू नये म्हणून चारही बाजूंनी हिरवी नेट आणि ओले गोणपाट बांधले, आत फॉगर (बारीक तुषार उडवणारे नळ) लावले. तरी दुपारी गाई तोंड उघडून धापा टाकतात, लाळ गळते. एक गाय तीनदा भरवली (रेतन केलं), दर वेळी उलटली, गाभण राहिलीच नाही. काय करू?
– एक पशुपालक, शेवगाव तालुका

उत्तर : दादा, पहिलं काम आज संध्याकाळीच करा. तिन्ही बाजूंची नेट आणि गोणपाट सोडा. पश्चिमेकडून तिरपं ऊन येतं तेवढी एक बाजू ठेवा, तीही खालून दोन-तीन फूट मोकळी.

गाय अंग थंड करते ती घाम आणि श्वासावाटे वाफ बाहेर टाकून. तुमच्या कोंडलेल्या गोठ्यात सहा गाईंचा श्वास, शेणा-मुताची ओल आणि वरून फॉगरचा तुषार, सगळं आतच साठतं. हवाच दमट झाली तर ती वाफ जाणार कुठं? शिवाय फॉगरचे बारीक थेंब केसांवरच बसतात, कातडीपर्यंत पोचत नाहीत. शेवगावची एप्रिलची हवा कोरडी असते, तिथं उघड्या गोठ्यात पंख्यासमोर फॉगर चालतोही. बंद गोठ्यात तो त्रास वाढवतो.

त्यापेक्षा जाड थेंबांचे स्प्रिंकलर लावा, नाहीतर साधा पाइप घ्या. पाठ कातडीपर्यंत भिजेल इतकं दोन-तीन मिनिटं पाणी, मग पाणी बंद करून पंधरा मिनिटं जोराचा पंखा. सकाळी अकरापासून ऊन उतरेपर्यंत हे आलटून-पालटून चालू ठेवा. पाणी ओघळून कासेपर्यंत जाऊ देऊ नका, नाहीतर दगडी (कासेची सूज) मागे लागेल. वीज गेली तर पाइपनं भिजवा आणि वारा येईल अशा सावलीत बांधा.

दुधावरून अंदाज घेऊ नका. उन्हाचा फटका दुधात दिसायला एक-दोन दिवस जातात, श्वासात तो लगेच दिसतो. घड्याळ धरून गायीची कूस मिनिटात किती वेळा हलते ते मोजा. साधारण २० ते ३० असायला हवं. ६०च्या वर गेलं की गाय त्रासात आहे. ८० ओलांडून तोंड उघडलं, तर हातातलं काम टाकून तिच्यावर पाणी मारा.

हीच मोजणी पहाटे धारेच्या आधी करा. माझ्या मते दिवसातली ही सगळ्यात महत्त्वाची मोजणी. दुपारी तापलेली गाय रात्रीतून निवली, तर बरंचसं भरून काढते. पहाटेही श्वास जोरातच असेल, तर रात्री तिला पत्र्याखाली बांधू नका, मोकळ्या आभाळाखाली सोडा. मात्र पहाटे थर्मामीटरही लावा. १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास हवं. १०४ किंवा जास्त निघालं, खांद्यापुढची गाठ सुजलेली लागली, तर ते ऊन नाही, गोचीड ताप असू शकतो. लगेच रक्त तपासून घ्या. संकरित गाईत हा ताप जीव घेतो.

आता फॅटचं. पोटात चारा आंबतो तेव्हा खूप उष्णता तयार होते, आणि खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी ती सगळ्यात जास्त असते. दहा-अकराला गव्हाण भरलीत, तर ती आग नेमकी भर दुपारी पेटते. म्हणून एक वेळ पहाटे पाचला आणि मोठा वाटा सूर्य मावळल्यावर द्या. लाळेत निसर्गतःच सोडा असतो, तो पोटातलं आम्ल आवरतो. लाळ तोंडावाटे गळून गेली की आम्ल वाढतं आणि फॅट पडते. खाण्याचा सोडा दर गायीला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, दोन वेळच्या खाद्यात मिसळून द्या. सोबत खनिज मिश्रण आणि मीठ. दूध घटलं म्हणून पेंड वाढवू नका, त्यानं आम्ल आणखी वाढेल.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. दुपारी दोनला हौदात हात घालून बघा. काळी टाकी उन्हात आणि पाइप जमिनीवर असेल, तर ते पाणी गाय पोटभर पिणार नाही. तिला दिवसाला ८०-१०० लिटर तरी लागतं, आणि तेही समोर सतत हवं. टाकीवर सावली करा, पाइप मातीत पुरा. पत्र्याला वरून चुना मारा, त्यावर पाचटाचा जाड थर टाका. नवा गोठा बांधाल तेव्हा लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि कडेची उंची दहा-बारा फूट.

उलटणाऱ्या गायीचं मूळ बहुधा याच तापात आहे. अंग तापलेलं राहिलं, तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच मरतो. उन्हाळ्यात माज मुका असतो, म्हणजे लक्षणं नीट दिसत नाहीत, रात्री दहाला आणि पहाटे बघत जा. ती थंड राहू लागली की मगच भरवा, आणि तरीही उलटली तर गर्भाशय तपासून घ्या.

एक कळकळीचं सांगणं : गाय धापा टाकत असताना ताक, गुळाचं पाणी काहीही बाटलीनं पाजू नका. ते फुप्फुसात उतरतं आणि उन्हातून वाचलेली गाय न्यूमोनियानं दगावते. बादली पुढं ठेवा, तिची ती पिईल.

प्रश्न : आमची गाय आटवलेली आहे (दूध काढणं बंद केलंय), दोन महिन्यांनी विणार. दुभत्या गाई पंख्याखाली आणि हिला बाहेर लिंबाखाली बांधते. चालेल ना?
– एक वाचक भगिनी, फलटण

उत्तर : ताई, लिंबाची सावली चांगलीच, पण ती दुपारनंतर सरकते आणि बांधलेली गाय उन्हात येते. या दोन महिन्यांत पुढच्या वेताच्या दुधासाठी कास नव्यानं तयार होत असते. गाय तापत राहिली, तर सगळं वेत दूध कमी मिळतं, वासरूही हलकं जन्मतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. अशा कालवडी पुढं स्वतःही कमी दूध देतात, असं त्यांना दिसलं. तेव्हा पंख्याखाली हिलाही जागा द्या. जागा नसेल, तर दावं सावलीबरोबर हलवा आणि दुपारी दोनदा तरी अंगावर पाणी मारा.