जहाजाचं वय सोडा, ते कशासाठी बांधलं होतं ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईहून गोवा-लक्षद्वीप क्रूझ करायची आहे, बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि दोन मुलं आहेत. जहाज कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस', 1990 सालचं आणि आजच्या मानाने लहान. घ्यावं का, सुरक्षित आहे का, आणि पैसे भरण्याआधी ते पारखावं कसं?

घ्यायला हरकत नाही. पण वयावरून सुरुवात करू नका, कारण त्या आकड्यातून फारसं काही कळत नाही. एक उदाहरण देतो. 2019 मध्ये मुंबईत 'कर्णिका' नावाचं जहाज आलं होतं, आठवत असेल. ते 1990 साली इटलीत 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून बांधलेलं. तुम्ही ज्याबद्दल विचारताय ते कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस'ही 1990चंच, फ्रान्समध्ये सेंट नाझेरला बांधलेलं. दोन्ही एका वयाची. कोरोनात 'कर्णिका' चालवणारी कंपनीच बंद पडली आणि जहाज 2020 मध्ये अलंगला तोडायला गेलं. दुसरं 2021 पासून आपल्याकडे प्रवासी नेतंय. जहाज किती जगतं हे पत्र्याच्या वयापेक्षा मालकाच्या खिशावर आणि देखभालीवर ठरतं.

त्याहून उपयोगी प्रश्न म्हणजे हे जहाज मुळात कशासाठी बांधलं होतं. गालिचे, सोफे, रंग, बारचं नाव हे सगळं बदलता येतं. केबिनच्या भिंती, जिने, लिफ्ट, खिडक्या मात्र सहसा बदलत नाहीत. जुना फ्लॅट घेताना आपण रंगाकडे न बघता पिलर आणि पाण्याची लाइन बघतो, तसंच हे.

'एम्प्रेस'चं मूळ नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. रॉयल कॅरिबियनने ते मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सहलींसाठी आणलं. 2004 मध्ये ते 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं, मग काही वर्षं स्पेनच्या पुलमान्तुर कंपनीकडे गेलं, 2016 मध्ये पुन्हा रॉयल कॅरिबियनकडे आलं, क्युबाच्या फेऱ्या केल्या आणि 2020च्या शेवटी विकलं गेलं. या इतिहासातला आपल्या कामाचा भाग पहिलाच आहे: तीन-चार रात्री. इतक्या छोट्या सहलीत माणूस खोलीत फक्त झोपायला आणि अंघोळीला येतो असं धरून आखणी झाली. म्हणून आतल्या साध्या केबिन सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास, किंवा त्याहूनही लहान आहेत, बाल्कनी मोजक्याच खोल्यांना आहे आणि दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवल्या की चालायला जागा उरत नाही. याला दोष म्हणू नये. ते जहाज त्याच कामासाठी घडलंय, आणि दोन-तीन रात्रींच्या मुंबई-गोव्याला ते आजही नीट जमतं. पाच रात्रींसाठी चौघं एका खोलीत राहणार असाल तर मात्र ही आखणी टोचेल.

हाच नियम 'आंग्रिया'ला लावून बघा. 2018 मध्ये मुंबई-गोवा सुरू झालेलं ते जहाज पूर्वी जपानमध्ये 'ओगासावारा मारू' होतं. टोकियोपासून सुमारे हजार किलोमीटरवरच्या बेटांवर माणसं आणि सामान नेणारी बोट, चोवीस तासांच्या आसपासचा प्रवास. म्हणजे जन्माने ती फेरीबोट. मग तिच्यात डॉर्मिटरी होती यात नवल ते काय! जाहिरातीत दोन्ही 'क्रूझ'च, पण जन्म वेगळे.

आता आकार. जाहिरातीत टनेज दिसतं, ते वजन समजू नका. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजातली एकूण बंदिस्त जागा मोजायचं माप. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा, गर्दीचा अंदाज येतो. 'एम्प्रेस'चं टनेज 48,563. एका खोलीत दोन माणसं धरली तर सुमारे 1,600 प्रवासी, म्हणजे भागाकार 30. सगळे वरचे बर्थ भरले की संख्या दोन हजारांच्या आसपास जाते आणि भागाकार 24 वर येतो. आपल्याकडे दिवाळी, नाताळ आणि जोडून सुट्ट्यांना वरचे बर्थ भरतातच, कारण आपण कुटुंबाने जातो. त्यामुळे तेच जहाज आठवड्याच्या मधल्या दिवसांत एक अनुभव देतं आणि लाँग वीकेंडला दुसराच. जेवणाच्या रांगा, लिफ्टसमोरची गर्दी, पूलवर डीजे. आई-बाबा बरोबर असतील तर तारीख निवडणं हे जहाज निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. मी तरी शुक्रवार-रविवारची फेरी त्यांच्यासाठी घेणार नाही.

मग डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा काढा. एजंटने दिलेला रंगीत नकाशा पुरेसा नसतो. जहाजाच्या आधीच्या नावाने शोधलंत तर जुने, नीट मापाचे प्लॅन आणि केबिनचे व्हिडिओ सापडतात. केबिनच्या वर काय, खाली काय, हे बघा. वर पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत ठोके. खिडकीवाली केबिन घेताना खिडकीसमोर लाइफबोट लटकलेली नाही ना, हे विचारा. वडीलधाऱ्यांसाठी मध्यभागाची, खालच्या डेकवरची आणि लिफ्टजवळची खोली घ्या. जहाज डोलतं तेव्हा सगळ्यात कमी हालचाल तिथेच जाणवते. जुन्या जहाजांत बाथरूमच्या दाराशी उंबरठा असतो, शॉवरला पडदा असतो. गुडघ्याचं दुखणं असेल तर तो उंबरठा रोज दहा वेळा ओलांडायचा आहे हे लक्षात असू द्या.

डोलण्याबद्दल. लहान जहाज लाटेला जास्त दाद देतं हे खरं. स्टॅबिलायझर म्हणजे पाण्याखाली बाजूंना बाहेर येणारे पंख, ते डुलणं बरंच कमी करतात. पण हे पंख काम करतात ते मुख्यतः जहाज वेगात असताना. जहाज उभं असलं की त्यांचा फारसा उपयोग नाही. लक्षद्वीपला नेमकं हेच होतं. तिथे बेटांभोवती प्रवाळाचे कठडे आणि उथळ लगून, एवढं मोठं जहाज धक्क्याला लागू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी बेटावर नेतात. जहाजाच्या कुशीतल्या दारातून हलणाऱ्या बोटीत पाय टाकायचा असतो. खलाशी दोन्ही हात धरतात, तरी आई-बाबांना ते जमेल का, हे घरीच ठरवा. समुद्र खवळलेला असेल तर कॅप्टन उतरणं रद्द करतो, आणि त्याचं ते बरोबरच असतं. पावसाळ्यात जाऊ नयेच, पण मे महिना आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हेही अरबी समुद्रातल्या वादळांचे दिवस. मे 2021चं तौक्ते विसरू नका. डिसेंबरअखेर ते मार्च सगळ्यात निवांत. लक्षद्वीपसाठी परवाना लागतो. तो सहसा कंपनी काढते, पण कागद वेळेत द्यावे लागतात. शेवटच्या आठवड्यात बुकिंग करणारे तिथेच अडकतात.

सुरक्षिततेचं विचारलंत. अशा प्रत्येक मोठ्या जहाजाला सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) क्रमांक असतो. नाव, मालक, झेंडा (म्हणजे नोंदणीचा देश) काहीही बदललं तरी तो बदलत नाही. 'एम्प्रेस'चा 8716899. इक्वॅसिस नावाच्या संकेतस्थळावर फुकट नोंदणी करून हा क्रमांक टाकला की जहाजाची बांधणी आणि देखभाल तपासणारी 'क्लास' संस्था कोणती आहे, बंदरांवर तपासण्या कधी झाल्या, कधी अडवून ठेवलं होतं का, हे दिसतं. तपासणीत एखाद-दोन त्रुटी निघणं नेहमीचं आहे. वारंवार अडवलं असेल तर विचार करा. प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने मिळवावं लागतं, त्यामुळे 'जुनं म्हणजे कुणी बघत नाही' असं नसतं.

एक फरक मात्र खरा आहे आणि एजंट तो सांगत नाहीत. 1 जुलै 2010 नंतर बांधलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना असा नियम आहे की एका भागात आग लागली किंवा पाणी शिरलं, तरी ठरावीक मर्यादेपर्यंतच्या नुकसानीत जहाजाला स्वतःच्या बळावर बंदरात परतता आलं पाहिजे. त्याआधीच्या जहाजांना तो लागू नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये 1999 सालच्या 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या इंजिन रूममध्ये आग लागली, आग विझली, कुणी दगावलं नाही, पण वीज गेली आणि हजारो माणसं दिवसेंदिवस मेक्सिकोच्या आखातात अडकली. शेवटी जहाज टगबोटींनी ओढून आणावं लागलं. मुंबई-गोवा मार्ग किनाऱ्याला धरून जातो, त्यामुळे मला यात भीतीचं कारण दिसत नाही. तरी औषधं चार दिवस जास्तीची, आणि ती हातातल्या पिशवीत. सुटण्याआधीचा सेफ्टी ड्रिल आई-बाबांना कंटाळवाणा वाटेल, पण त्यांना घेऊन जा. त्यांच्या वेगाने जमण्याच्या जागेपर्यंत किती वेळ लागतो हे तुम्हाला तेव्हाच कळेल.

बारीकसारीक: अमेरिकी बाजारासाठी बांधलेल्या जहाजांत चपट्या पिनांचे सॉकेट असू शकतात, ॲडाप्टर ठेवा. एक्स्टेंशन बोर्ड, किटली, इस्त्री तपासणीतच काढून घेतात. जेवणाची काळजी नको, शाकाहारी आणि जैन दोन्ही मिळतं.

बुकिंग करताना 'गॅरंटी केबिन' घेऊ नका. त्यात प्रकार ठरतो, खोली नंतर कंपनी देते, म्हणजे डेक प्लॅनवर केलेली सगळी मेहनत वाया. खोली क्रमांक लिहून मागा, शेजारच्या दोन खोल्या मागा, आणि मधलं दार उघडतं का ते विचारा. चौघांना एका केबिनमध्ये कोंबून वाचणारे पैसे तुमच्या बाबतीत वाचवण्यासारखे नाहीत. वरच्या बर्थची शिडी मुलांना आवडेल, पण रात्री आजी-आजोबांना बाथरूमला जाताना ती मध्येच उभी असते. आधी दोन्ही खोल्यांचे क्रमांक हातात येऊ द्या, मग ॲडव्हान्स भरा.