कर्जाच्या ॲपवाल्यांना जबाबदार धरणारा प्रस्तावित कायदा नेमका काय आहे?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये विनापरवाना कर्जव्यवहारांवर बंदी घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी खुला केला. त्याचे मूळ रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाच्या नोव्हेंबर 2021 मधील अहवालात आहे. रिझर्व्ह बँकेची किंवा अन्य नियामकाची परवानगी नसताना कर्ज देण्याचा धंदा करणाऱ्यास, मग तो ॲपवर असो वा कागदावर, 2 ते 7 वर्षे कैद आणि 2 लाख ते 1 कोटी रुपये दंड अशी तरतूद त्यात सुचवली आहे. नातेवाइकांनी एकमेकांना दिलेले हातउसने पैसे मात्र यातून वगळले आहेत, आणि ते योग्यच आहे.

माझ्या मते खरे महत्त्व वसुलीच्या कलमाला आहे. पाच हजारांचे कर्ज मंजूर झाल्याचा मेसेज येतो, 'प्रोसेसिंग फी' कापून हातात तीन-साडेतीन हजारच पडतात, आठवड्याभरात पूर्ण रकमेचा तगादा सुरू होतो आणि ॲपने आधीच उचललेल्या संपर्क यादीतील मामा-काकांना बदनामीचे मेसेज जाऊ लागतात. अशा छळासाठी मसुद्यात 3 ते 10 वर्षे कैद आहे. व्यवहार अनेक राज्यांत पसरलेला असल्यास तपास सीबीआयकडे सोपवण्याचीही सोय आहे, कारण कर्जदार लातूरचा आणि ॲप चालवणारा परराज्यातला असला की स्थानिक ठाण्याचे हात तोकडे पडतात.

हा कायदा होईपर्यंत अशी फसवणूक झाल्यास 1930 या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.