लोक आरोग्यासाठी म्हणून सेंद्रिय माल का घेतात? त्याने खरंच फरक पडतो का?

मी जळगावात राहते, माहेर शेतकऱ्याचं. माझ्या ओळखीतलं कुणीही जास्त जीवनसत्त्वं मिळावीत म्हणून सेंद्रिय घेत नाही. घेतात ते कीटकनाशकाच्या फवाऱ्याच्या धास्तीने. बाळ वरणभात खायला लागलं, सुनेला दिवस गेले, नात्यात कुणाला कॅन्सर निघाला, की भाजी कुठून येते याची चौकशी सुरू होते. खान्देशात ही धास्ती ऐकीव नाही. शहरातल्या कितीतरी जणांचं शेत अजून गावाकडे आहे, फवारणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते.

आमची भरिताची वांगीच घ्या. फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की लगेच वांग्यात शिरते, आणि एकदा आत गेली की तिला फवारा लागत नाही. म्हणून ती शिरायच्या आधीच मारायला शेतकरी पुन्हा पुन्हा औषध मारतो. वांग्यांचा तोडा, म्हणजे काढणी, तर थोड्या थोड्या दिवसांनी येतेच. फवारल्यावर किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, पण तेवढं थांबलं तर वांगी जून होतात, भाव पडतो. वांग्याला एक भोक दिसलं तरी आपण गिऱ्हाईक ते बाजूला टाकतो, मग शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन जे गेले, ते शेतकरी आणि शेतमजूरच होते.

2012 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 200हून जास्त अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही, पण त्यात कीटकनाशकांचे अंश सापडण्याचं प्रमाण कमी निघालं. म्हणजे लोकांची काळजी योग्य जागी आहे. सेंद्रिय खाऊन मधुमेह बरा होतो असं कुणी सांगितलं, तर मात्र विश्वास ठेवू नका.

सगळंच सेंद्रिय घ्यायचीही गरज नाही. आमच्याकडची दादर जातीची ज्वारी रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येते, तिला फवारा फारसा लागत नाही. तिच्या पिशवीवर ‘ऑरगॅनिक’ लिहून दीडपट भाव मागितला तर मी देत नाही. पैसे वांगी, भेंडी, कोबी, हिरवी मिरची यांवर घालावेत. पाकीटबंद मालावर सेंद्रिय प्रमाणपत्राचं सरकारी चिन्ह बघा. छोट्या शेतकऱ्याने स्वतः थेट विकलेल्या मालाला प्रमाणपत्राची सक्ती नाही, तिथे सरळ विचारायचं, “भाऊ, अळीला काय करता?” जो खरंच पिकवतो तो निंबोळी अर्क, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), किडलेले शेंडे खुडून टाकणं, सगळं भरभरून सांगतो. नुसतं “शंभर टक्के सेंद्रिय आहे, ताई” म्हणणाऱ्याकडून मी घेत नाही.

सेंद्रिय परवडलं नाही तर भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. वरवरचा अंश बराच जातो, आत मुरलेलं औषध मात्र धुऊन निघत नाही.