पुण्यात मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन एका दिवसात कोणती छोटी संग्रहालयं पाहता येतील?

दोनच ठरवा: राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि केसरीवाडा. तीन-चार कोंबली तर मुलं कंटाळतात आणि लक्षात काहीच राहत नाही.

सकाळ पूर्ण केळकरांसाठी ठेवा. डॉ. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हे उभं केलं आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारला दिला. इथे तलवारींपेक्षा घरातल्या वस्तू पाहाव्यात: दिवे, कातीव दारं, वाद्यं. अडकित्त्यांपाशी तर थांबाच. कुठे पोपट, कुठे घोडा. सुपारी कातरायच्या हत्यारावर एवढी कारागिरी! आजीला बोलतं करायची हीच जागा, तिच्या माहेरच्या पानाच्या डब्याची गोष्ट हमखास निघते. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही चुकवू नका. जिने मात्र बरेच आहेत, गुडघे दुखत असतील तर खालचा मजला निवांत पाहावा.

जेवण करून रिक्षाने नारायण पेठेत या. केसरीवाड्यात टिळकांच्या वापरातल्या वस्तू आहेत. मादाम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला फडकवलेला भारताचा झेंडाही इथेच जपलाय. मोठ्या मुलांना त्याची हकिगत आधीच सांगून ठेवा. सुट्टीचा वार आणि वेळ निघण्यापूर्वी फोन करून विचारा.